गावचे मैदान, गावची राई आणि सरकारी अनुदान

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम पुरे झाले, कळस चढला, ही सर्वांच्या समाधानाची गोष्ट आहे. परंतु जुन्या काळी देऊळ म्हणजे केवळ गाभारा आणि सभामंडप नव्हे. देवळाच्या पुढे मोकळे पटांगण असे आणि देवळाच्या मागे अथवा गावकुसाबाहेर देवाच्या नावाने राखलेली राई असे. पटांगणात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरे, एरव्ही पोरे विटीदांडू नि हुतूतू खेळत. राईत कुऱ्हाड चालत नसे, वाळलेली काटकीसुद्धा कोणी घरी नेत नसे. पटांगण गावच्या तरुणांचे आणि राई गावच्या पाखरांची, असा हा सरळ हिशेब होता. त्यासाठी अंदाजपत्रक नव्हते की निविदा नव्हती. लोकवर्गणी होती आणि देवाचा धाक होता.

आज तो धाक कमी झाला आहे आणि वर्गणीच्या जागी बऱ्याच अंशी सरकारी पैसा आला आहे. पैसा आला हे चांगलेच झाले. पण तो कोणत्या जागेवर, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या बाबीवर पडतो, त्यावर गावाला मैदान मिळते की गाव असलेले माळरान गमावते, हे ठरते. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

राज्याच्या खजिन्याने खेळ आणि जंगल या दोहोंकडे पाहावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेस गेले, तेव्हा रोममधील प्राचीन गोलाकार प्रेक्षागृह त्यांनी पाहिले आणि परतल्यावर खासबागचे कुस्तीमैदान उभारले, असे सांगतात. १९१२ साली ते मैदान तयार झाले. मध्ये मातीचा हौदा आणि सभोवार चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही डाव दिसावा. त्याच संस्थानात दाजीपूरचे जंगल राजघराण्याच्या शिकारीसाठी राखलेले होते. पुढे १९५८ साली तेथे गव्यांचे अभयारण्य झाले. ते महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य. आज राधानगरी अभयारण्य या नावाने ते ओळखले जाते आणि २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत त्याचा समावेश आहे. जंगल शिकारीसाठी राखले गेले हे खरे, पण राखले गेले म्हणून उरले. मैदान आणि जंगल एकाच राज्यात, एकाच पिढीत सांभाळले गेले. एकाचा घास काढून दुसऱ्याला दिला नाही.

खेळाला सार्वजनिक पैशाचा आधार वेळेवर मिळाला नाही तर काय होते, हेही याच मुलखाने पाहिले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. गावच्या मातीत तयार झालेला हा मल्ल तेथे गादीवर खेळला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे करताना त्यांना दारोदार फिरावे लागले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि त्यांच्या कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून रक्कम दिली. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक असे गहाणवटीवर आले. तेव्हा खेळासाठी सरकारने खर्च करावा की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. प्रश्न आहे तो खर्च कसा करावा, याचा.

आता अनुदानाच्या वाटा पाहू. ग्रामपंचायत कायद्याच्या अनुसूचीत आखाडे आणि खेळांच्या जागा स्थापन करणे व राखणे हे ग्रामपंचायतीच्या कामांतच घातलेले आहे. केंद्र सरकारने २००८-०९ साली पंचायत युवा क्रीडा व खेल अभियान सुरू केले. त्यात गावपातळीवर मैदानासाठी एकदाच १ लाख रुपये आणि तालुकापातळीवर ५ लाख रुपये मिळत. २०१४ साली त्या अभियानाची जागा दुसऱ्या अभियानाने घेतली आणि त्यानंतर खेलो इंडिया आले. राज्याच्या क्रीडा खात्याचे क्रीडांगण विकास अनुदान आहे, जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे, आमदार व खासदारांचा स्थानिक विकास निधी आहे. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखालील कामांच्या यादीतही खेळाचे मैदान तयार करणे हे काम होते. त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला. वित्त आयोगाचे अनुदान २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागले आणि त्यासाठी गावाने आपला विकास आराखडा स्वतः करावा, अशी अपेक्षा ठेवण्यात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. खासदार निधी १९९३ सालापासून आहे, परंतु देवस्थानाच्या मालकीच्या जागेत त्यातून काम घेता येत नाही. सबब मैदान देवळाच्या जागेत दाखवावे की गावच्या सार्वजनिक जागेत, याचा विचार प्रस्ताव करण्यापूर्वी व्हावयास हवा. नंतर फाईल परत येते, वर्ष वाया जाते आणि दोष मात्र कचेरीला लागतो.

योजना बदलतात, नावे बदलतात. अंदाजपत्रक मात्र बहुधा एकच असते. कोणत्याही गावच्या मैदानाचे अंदाजपत्रक उघडावे. त्यात जमीन सपाटीकरण असते, मुरूम भराव व दबाई असते, संरक्षक भिंत असते, पेव्हर ब्लॉक असतात, लोखंडी कमान असते, हायमास्ट दिवा असतो आणि शेवटी योजनेचे नाव लिहिलेला फलक असतो. काय नसते? पाणी मारणारा माणूस नसतो. पावसाळ्यानंतर गाजरगवत उपटण्याची मजुरी नसते. चुना, दोर, जाळी यांची दुसऱ्या वर्षीची तरतूद नसते. आणि त्या जमिनीवर आधीपासून जे काही उगवते, चरते, उडते, त्याच्यासाठी एक ओळही नसते.

परिणाम सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, देयक निघते, उपयोगिता प्रमाणपत्र जाते. दोन पावसाळे गेले की मुरूम वाहून जातो, उघड्या जमिनीवर गाजरगवत माजते, कमान तेवढी उभी राहते. गाजरगवत हे आपल्या देशातले नव्हेच. १९५० नंतरच्या दशकात ते पुण्याकडे प्रथम दिसले आणि तेथून देशभर पसरले. जमिनीचा वरचा थर खरवडला की ते सर्वांत आधी हजर होते. म्हणजे सार्वजनिक पैसा खर्चून गावाने गवताचे रान काढले आणि अंगाला खाज आणणारे तण विकत घेतले, असा हा व्यवहार होतो.

मैदानासाठी जागा शोधताना पहिली नजर जाते ती गायरानावर. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिले की लोक तिला पडीक समजतात. परंतु ती पडीक नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २२ प्रमाणे गुरचरण, वैरण, स्मशान, खळवाडी, बाजार अशा कामांसाठी जिल्हाधिकारी जमीन राखून ठेवतात आणि एकदा राखून ठेवलेली जमीन त्यांच्या मंजुरीवाचून दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्यानंतर महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी निर्णय काढून गायरान देण्यावर कडक बंधने घातली. तेव्हा कायद्याच्या दृष्टीनेही गायरान म्हणजे बिनमालकीचा तुकडा नव्हे.

आणि सृष्टीच्या दृष्टीने तर नव्हेच नव्हे. माळावर पवना आणि कुसळी वाढते, तिच्या मुळ्या माती धरून ठेवतात. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची चार अंडी घालते. चंडोल गवताच्या बुडाशी घरटे करतो. तित्तिर, ससा, घोरपड, मुंगूस आणि कोठे कोठे खोकड व लांडगा यांचे घर हेच. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली झाले, ते दाट जंगलासाठी नव्हे, अशाच गवताळ माळासाठी. झाड नाही म्हणून रान नाही, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

याच समजुतीतून दुसरी चूक घडते, ती वृक्षारोपणाची. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्यात अनुक्रमे २, ४, १३ व ३३ कोटी रोपांची उद्दिष्टे होती. हेतू उत्तम होता. परंतु जेथे जेथे उद्दिष्ट गाठण्यासाठी माळावर खड्डे घेऊन सुबाभूळ नि गिरिपुष्प लावले गेले, तेथे गवतही गेले आणि पाखरूही गेले. झाडे बांधाला, रस्त्याला, ओढ्याच्या काठाला लावावीत. वड, उंबर, करंज, कडुनिंब लावावेत. माळ मात्र माळच राहू द्यावा.

मग तरुणांनी खेळावे कोठे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊन भागणार नाही. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. पहाटे डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर नि दुधाच्या गाड्या चुकवीत धावणारी मुले-मुली गावोगाव दिसतात. त्यांना सुरक्षित जागा मिळाली पाहिजे, मुलींना तर आधी मिळाली पाहिजे. गुराख्यालाही चराई हवी. तेव्हा मनात येईल तसे न बोलता मोजणी करून पाहावे.

कबड्डीचे पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर. खो-खोचे २७ गुणिले १६, म्हणजे ४३२ चौरस मीटर. व्हॉलीबॉलचे १८ गुणिले ९, म्हणजे १६२ चौरस मीटर. तिन्ही मिळून ७२४ चौरस मीटर झाले. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, तेव्हा ही तिन्ही मैदाने मिळून सव्वासात गुंठ्यांच्या आतच बसतात. सभोवार मोकळी जागा आणि पाहणाऱ्यांची बैठक धरून दुप्पट केले, तरी १५ गुंठे पुरतात.

आता धावण्याचे पाहू. समजा, गटाचे क्षेत्र ४ एकर आहे, म्हणजे १६० गुंठे. जागा चौरस धरली तर एक बाजू सुमारे १२७ मीटर येते आणि चारही बाजू मिळून ५०० मीटरांच्या थोडे वर. म्हणजे बांधाच्या आतून कडेकडेने २ मीटर रुंदीची मातीची वाट केली, तर तीन फेऱ्या आणि वर थोडे अंतर धावले की १,६०० मीटर होतात. या वाटेला १० गुंठे जागा लागते. १५ आणि १० मिळून २५ गुंठे. बाकी १३५ गुंठे, म्हणजे ३ एकर १५ गुंठे गवत जसेच्या तसे राहते. तरुणांचे मैदान झाले, वैरण राहिली, टिटवीचे अंडे राहिले. संपूर्ण चार एकरांवर यंत्र फिरविण्याची मुळी गरजच नव्हती.

मात्र ही मोजणी प्रस्तावापूर्वी झाली पाहिजे. अंदाजपत्रक सपाटीकरणाच्या घनमीटरांवर वाढते हे सर्वांना ठाऊक आहे. जितकी जमीन खरवडली जाईल तितके देयक मोठे होते. म्हणून नकाशावर लाल रेघ आधी गावाने मारावी, नंतर अभियंत्याने अंदाज करावा. जागेच्या वापराची मंजुरीही रीतसर घ्यावी. गावठाणात अथवा शाळेजवळ आधीच तुडवलेली जागा उपलब्ध असेल, तर कबड्डी-खो-खोची मैदाने तेथेच करावीत आणि गायरानाला हात लावू नये, हे उत्तम.

महिन्याचाही विचार हवा. अनुदान वर्षअखेरीस येते आणि ३१ मार्चपूर्वी खर्ची टाकण्याची घाई होते. प्रत्यक्ष काम एप्रिल-मे महिन्यांत चालते. टिटवी आणि चंडोल यांची अंडी घालण्याची वेळही हीच. तेच काम ऐन थंडीत, दिवाळीनंतर आणि होळीपूर्वी उरकले, तर मातीत ओल असते, दबाई चांगली बसते आणि घरटी वाचतात. त्यासाठी प्रस्ताव पावसाळ्यापूर्वीच गेला पाहिजे. हायमास्ट दिव्याचेही तसेच आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याभोवती किडे मरून पडतात आणि त्यांच्यावर जगणाऱ्या पिंगळ्या-वटवाघळांचा क्रम बिघडतो. वीजबिल ग्रामपंचायतीला भरावे लागते ते वेगळेच. दिवा खाली तोंड केलेला असावा आणि खेळ संपला की बंद करावा. यात कोणाचेही नुकसान नाही.

हे सर्व पाहावयाचे कोणी? कायद्याने त्याचीही व्यवस्था केली आहे. जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आहे आणि गावातील झाडे, गवते, पशुपक्षी, बियाणी व त्यांविषयीचे जाणत्यांचे ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती. मुदत गाठण्यासाठी पुष्कळ ठिकाणी नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या आणि कपाटात गेल्या. ती वही कपाटातून बाहेर काढावी. गुराखी, वैदू, सुईण, शेतकरी स्त्रिया, शाळेतील मुले यांना बसवून ती पुन्हा वाचावी, राहिलेले लिहावे. याच कायद्यात स्थानिक जैवविविधता निधीचीही तरतूद आहे. ज्या गटावर मैदान करावयाचे त्या गटाचे पान वहीत आधी भरले जावे आणि मगच ग्रामसभेत ठराव यावा. एवढा क्रम पाळला, तरी अर्धे काम झाले.

आता देवस्थानांविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे आणि ते याच मांडवात बोललेले बरे. पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात केला. जे वृक्ष बाहेर तुटून गेले, ते देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यांत शिल्लक आहेत, असे त्यांनी जगापुढे मांडले. परंतु अलीकडे कित्येक देवरायांना धोका निर्माण झाला तो देवळाच्या जीर्णोद्धारापासूनच. सभामंडप वाढविण्यासाठी, गाड्या उभ्या करण्यासाठी, फरशी घालण्यासाठी राईची कड तुटत जाते. देऊळ नवे होते आणि देवाचे रान कमी होते. हा देवाचा मान म्हणावयाचा की उपमर्द, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा.

उलट बाजूचीही उदाहरणे आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोली येथे हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाचे देऊळ आहे. तेथील पाण्यात एक लहानसा मासा सापडला आणि २०२० साली शास्त्रज्ञांनी त्याला हिरण्यकेशीचेच नाव दिले. २०२१ साली शासनाने ते ठिकाण जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. त्याच जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे देवराईतील रानजायफळाच्या दलदलीलाही त्याच वर्षी तो मान मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या ते पाणी नि ती झाडे राखणाऱ्या गावकऱ्यांना कायदा ठाऊक नव्हता. त्यांनी फक्त हात लावला नाही.

नुसते हात न लावण्याने सर्वत्र भागेल असे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर ग्रामसभेत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ठरविली. गुरे मोकळी सोडावयाची नाहीत, पण गवत कापून न्यावयास मुभा, असा नियम केला आणि पाळला. त्या गावात पैसा सरकारचा आला, शिस्त गावाची होती. गाव करी ते राव न करी, असे जुने लोक म्हणत. त्यात थोडी दुरुस्ती करून म्हणता येईल की रावाने पैसा द्यावा, पण रेघ गावाने आखावी.

यास्तव येत्या ग्रामसभेपुढे ठेवण्याजोग्या गोष्टी येणेप्रमाणे आहेत. पहिली, मैदानाचा आकार खेळ मोजून ठरवावा, गट पाहून नव्हे. दुसरी, अंदाजपत्रकाबरोबर राखणीचा खर्च ठरावातच लिहावा आणि तो दरवर्षी ग्रामनिधीतून काढून ठेवावा. एका मजुराचे वर्षातले काही दिवस एवढीच ती रक्कम आहे. तिसरी, मैदानावर सिमेंट अथवा ब्लॉक न घालता माती व हरळी ठेवावी. हरळी पायाखाली तुडवली तरी पुन्हा फुटते आणि पडणाऱ्या मुलाचे गुडघेही वाचवते. चौथी, उरलेल्या गवताची कापणी दसऱ्यानंतर ठरल्या दिवशी व्हावी आणि त्यातून येणारी रक्कम मैदानाच्या राखणीस जावी. म्हणजे गवत मैदानाला पोसेल आणि धावणाऱ्या मुलांच्या वर्दळीने गवताला आपोआप राखणदार मिळेल. पाचवी, देवळाभोवती जी झाडे आज उभी आहेत, त्यांची संख्या जैवविविधता वहीत लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या जीर्णोद्धाराच्या वेळी ती ताडून पाहता येईल.

बंधू-भगिनींनो, देवळाला कळस एकदाच चढतो, दिवा मात्र रोज लावावा लागतो. मैदान आणि माळ यांचेही तसेच आहे. अनुदान एकदा येईल, कदाचित मोठे येईल. रोजची वात मात्र गावानेच घालावयाची आहे. ती घातली तर या गावच्या मुली पहाटे निर्धास्त धावतील आणि त्यांच्या पावलांच्या चाहुलीने कडेच्या गवतातून एखादी टिटवी ओरडत उडेल. दोघींनाही जागा पुरेल, एवढी जमीन या गावापाशी आज आहे. ती मोजून वापरावी, एवढीच विनंती.